फोटोखाली नाव कुणाचं?

मागच्या अंकात डार्करूमविषयी लिहिताना ओघात होमाई व्यारावाला यांचं नाव आलं होतं, एका वाक्यापुरतं. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलं आहे. लेन्सवरच्या बुरशीबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांना पुढच्या महिन्यात उत्तर देते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार' एवढी एकच ओळ आहे. त्या लहानपणी कशा होत्या? त्यांच्या हातात कॅमेरा आला कसा? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

बाळ, परीक्षेला ती एक ओळ पुरेल, पण तू पुढचं विचारलंस याचा मला फार आनंद झाला.

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घर पारशी, परिस्थिती बेताची. वडील उर्दू-पारशी रंगभूमीवरचे नट. नाटक कंपनी म्हणजे आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि कंपनीमागे घरचं बिऱ्हाडही हललं. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक कंपन्यांच्या आठवणी घरात ऐकल्या असतील तर हे जगणं तुला लगेच डोळ्यांसमोर येईल. पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि ग्रँट रोड-ताडदेवच्या बाजूला होमाईबाईंचं शिक्षण झालं. त्या काळी मॅट्रिकपर्यंत टिकणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या या एक. नंतर सेंट झेवियर्समधून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केलं आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून कलेची पदविका घेतली.

कॅमेरा आला माणेकशा व्यारावाला यांच्यामुळे. दोघांची ओळख झाली तेव्हा होमाईबाई होत्या तेरा वर्षांच्या. माणेकशांना फोटोग्राफीचं वेड होतं. पुढे ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त हिशेबाचं काम बघत आणि फोटोही काढत. कॅमेरा कसा धरायचा, रोल कसा धुवायचा, प्रिंट कशी काढायची, हे होमाईबाई त्यांच्याकडून शिकल्या. त्या काळात या गोष्टी शिकायच्या तर कुणाच्या तरी शेजारी अंधारात उभं राहूनच. निगेटिव्ह डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणातून, हायपोत, म्हणजे ते पक्कं करणाऱ्या द्रावणात, कधी घालायची हे पुस्तक वाचून हाताला कळत नाही. माझी सगळी विद्या वडिलांच्या स्टुडिओमागच्या सहा फुटी खोलीत झाली आहे, म्हणून हे खात्रीने सांगते.

आता तुझ्यासाठी मुद्दाम एक गोष्ट. त्यांचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते? कुठल्या नेत्याचे नाहीत की दंगलीचे नाहीत. बायकांच्या एका मंडळाची सहल निघाली होती, तिचे. १९३८ च्या सुमारास ते 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले आणि मोबदला मिळाला फोटोमागे एक रुपया. त्या वयात त्यांनी जे जे टिपलं ते असंच भोवतालचं आहे : मुंबईचे रस्ते, जे. जे.च्या वर्गातल्या मैत्रिणी, कामात गढलेली माणसं. रेहाना मोगल नावाची त्यांची वर्गमैत्रीण या फोटोंत भेटते. ती मुलगी कॅमेऱ्यापुढे जराही अवघडलेली नाही. स्टुडिओत पडद्यापुढे बसवलेली त्या काळातली मुलगी बघ : मान ताठ, हात मांडीवर, नजर खाली. आणि मग ही बघ. समोर आपलीच मैत्रीण उभी असली की चेहरा कसा सैल होतो ते तुला दिसेल. तुझ्याही मोबाइलमध्ये मैत्रिणींचे असे फोटो असतील. ते पुसून टाकू नकोस.

प्रश्न : त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, असं वाचलं आणि चीड आली. त्यांनी हे चालवून कसं घेतलं? तुम्हाला याचं काहीच वाटत नाही का? (एक वाचक भगिनी, पुणे)

वाटतं, ताई. खूप वाटतं. म्हणूनच या उत्तराला जरा जास्त जागा घेते.

घडलं ते असं. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास होमाईबाई 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'साठी काम करू लागल्या. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं, त्यात त्या बाई. बाईने काढलेला फोटो म्हणजे हौसेचा, असा तेव्हाचा हिशेब. त्यामुळे बरेच फोटो माणेकशांच्या नावाने छापले गेले. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं.

आता माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल. आमचा स्टुडिओ जिल्ह्याच्या गावी होता. पंधराव्या वर्षापासून टचिंग माझ्याकडे. पेन्सिलीचं शिस पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि निगेटिव्हवर चेहऱ्याच्या खड्ड्यांत, डोळ्यांखालच्या सावल्यांत ठिपक्या-ठिपक्यांनी भरायचं. रेघ ओढायची नाही, ओढलीत तर प्रिंटवर ओरखडा उमटतो. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास जाई. नंतर फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का बसे, तो वडिलांच्या नावाचा. दुकान त्यांचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एका आषाढात पालखी आमच्या भागातून गेली तेव्हा वडील तापाने झोपून होते आणि मी एकटी कॅमेरा घेऊन गेले. पाऊस चालू होता. एक म्हातारी डोक्यावरच्या तुळशीवर आपला पदर धरून चालली होती, स्वतः भिजत. तो फोटो एका दिवाळी अंकात छापून आला, खाली वडिलांचं नाव. ते अंक घेऊन हसत घरी आले आणि पहिल्यांदा मलाच दाखवला. त्यांच्या मनात पाप नव्हतं. स्टुडिओतून बाहेर जाणारा फोटो आपला, एवढंच त्यांना माहीत होतं. मी "छान छापलाय" म्हणाले. तो अंक आजही माझ्या कपाटात आहे आणि त्या पानाशी आले की घशात काहीतरी अडकतं.

म्हणून 'चालवून कसं घेतलं' याचं उत्तर मला आतून कळतं. समोरचा माणूस आपला असतो, त्याने आपल्याला शिकवलेलं असतं, आणि भांडायचं तर कुणाशी? माणेकशांनी बायकोचं काम लाटलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी तिला शिकवलं, साथ दिली, पुढे दिल्लीत दोघांनी मिळून काम केलं. पण छापलेलं नाव चुकीचं होतं आणि चुकीचं होतं असंच म्हटलं पाहिजे. 'तो काळच तसा होता' म्हणून पान उलटायला मी तयार नाही.

या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे. ती होमाईबाईंनी स्वतः म्हातारपणी सांगितली होती. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरते हे लोकांना विचित्र वाटे. ही नुसती मिरवते आहे असं समजून कुणी मनावर घेत नसे. त्यामुळे जिथे इतरांना अडवलं असतं अशा जागी त्या सहज जात, फोटो काढत आणि बाहेर येत. फोटो छापून आल्यावर लोकांना कळे की या बाई खरंच काम करत होत्या. लोकांनी नाकारलेल्या जागेतूनच त्या आत शिरल्या. मला हे फार मोठं वाटतं. तरीही, ताई, तुमची चीड मला हवी आहे. ती असू द्या.

प्रश्न : आमच्या कॅमेरा क्लबात चर्चा झाली की त्या काळी साडी नेसून एवढी अवजड सामग्री कशी वापरत असतील? कॅमेरे कोणते होते? (एक छायाचित्रकार, डोंबिवली)

१९४२ मध्ये व्यारावाला दांपत्य ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी मुंबईहून दिल्लीला गेलं आणि पुढची जवळजवळ तीन दशकं दिल्लीचंच झालं. बाहेरची कामंही त्या करत. दिल्लीत त्या सायकलवरून हिंडत, सामान पाठीला.

त्यांचे दोन कॅमेरे मुख्य, रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक. दोन्ही मी हाताळले आहेत, त्यामुळे क्लबातल्या मंडळींसाठी जरा तपशिलात सांगते.

रोलिफ्लेक्सला एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेतलं चित्र सुलट, पण डावं-उजवं उलटं. माणूस उजवीकडे चालला तर काचेत तो डावीकडे जातो. नवख्याचा हात हमखास चुकीच्या बाजूला वळतो. एका रोलवर फोटो फक्त बारा. बारा झाले की खाली बसून रोल बदला, तोवर पाहुणे मोटारीत बसून निघून गेलेले असायचे. मात्र एक फायदा आहे. कॅमेरा डोळ्याला लावलेला नसतो, त्यामुळे समोरच्याला आपल्यावर काही रोखलंय असं वाटत नाही. त्यांच्या फोटोंतला मोकळेपणा थोडा या धरण्यातूनही आला असावा, असं माझं मत आहे.

स्पीड ग्राफिक म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मचा कॅमेरा. एका होल्डरमध्ये दोन फिल्म, एक पुढे एक मागे. होल्डर घाला, झाकणपट्टी उपसा, फोटो घ्या, पट्टी उलटी करून परत सरकवा. तिची एक बाजू पांढरी, एक काळी. काळी बाहेर दिसली की ही फिल्म वापरलेली. घाईत पट्टी उलटायची राहिली तर एकाच फिल्मवर दोन फोटो बसतात आणि दोन्ही जातात. फ्लॅशचा बल्ब तर एकदाच पेटायचा. फट्कन जळला की तो काढून नवा लावायचा, आणि जळलेला बल्ब इतका तापलेला असतो की बोटाला फोड येतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे.

हे सगळं गर्दीत, धक्के खात, पदर सांभाळून. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसचे नेते हात वर करून मत देतात, तो फोटो त्यांचा. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा चढला तिथे त्या होत्या. (तारीख १६ च. लाल किल्ल्यावरचं पहिलं झेंडावंदन १५ ला झालं नव्हतं.) गांधीजींच्या अंत्ययात्रेत होत्या. १९५६ मध्ये दलाई लामा नथू ला ओलांडून सिक्कीममध्ये उतरले तेव्हा त्या तिथवर पोचल्या होत्या.

आणि एक फोटो, जो मी कितीही वेळा बघू शकते. विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे आहेत. शेजारीच पाटी आहे, 'छायाचित्रण करण्यास सक्त मनाई'. देशाचा पंतप्रधान त्या पाटीखाली, आणि त्याचा फोटो निघालेला. नेहरू हा त्यांचा सगळ्यात आवडता विषय होता. दिवसभरात बदलणारे त्यांचे मूड टिपायला मिळतात, म्हणून.

एक फोटो मात्र राहिला तो राहिलाच. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसमधल्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. माणेकशांनी थांबवलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. त्या परत फिरल्या. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ही रुखरुख त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

प्रश्न : 'डालडा १३' हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, सोलापूर)

ते त्यांचं टोपणनाव. जन्म १९१३ चा, माणेकशा भेटले तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा नंबर निघाला डीएलडी १३. डीएलडी भरभर म्हणून बघा, डालडाच होतं. ज्यांच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस वाढली त्या माझ्या पिढीला हे नाव ऐकताच जवळचं वाटतं. पण एक लक्षात घ्या. जिचं नाव कधीकाळी छापलंच जात नव्हतं, त्या बाईने हे नाव स्वतः निवडलं.

प्रश्न : त्यांच्याआधी आपल्या देशात एकही बाई फोटो काढत नव्हती का? 'पहिली' हा शब्द मला खटकतो. (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, खटकायलाच हवा. वृत्तछायाचित्रणात त्या पहिल्या, हे मान्य करायला हरकत नाही. पण कॅमेरा धरणाऱ्या पहिल्या नव्हेत. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तो एका इंग्रज बाईंच्या हाती होता. कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त घरोघर जाऊन बायकांचे फोटो काढत आणि त्यावर संसार चालवत. मनोबिना रॉय आणि देबलिना मजुमदार या जुळ्या बहिणी लहानपणीच वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्यावर शिकल्या. मनोबिनाबाई पुढे दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी म्हणून मुंबईत राहिल्या आणि फोटो काढतच राहिल्या. ज्या फक्त घरच्यांसाठी काढत राहिल्या त्या कितीजणी असतील!

प्रश्न : एवढं नाव झालेलं असताना त्यांनी १९७० मध्ये फोटोग्राफी सोडली आणि पुन्हा कॅमेरा धरला नाही म्हणे. हे पटत नाही. (एक वाचक, नागपूर)

मलाही बरीच वर्षं पटलं नव्हतं. १९६९ मध्ये माणेकशा गेले आणि वर्षभरात होमाईबाईंनी काम थांबवलं. कारण त्यांनी पुढे स्पष्टच सांगितलं होतं. आमच्या वेळी फोटोग्राफर काही नियम पाळत, नीटनेटका पोशाख करत, एकमेकांना मान देत. नंतर आलेली मंडळी पैशामागे धावू लागली, त्या गर्दीत मला राहायचं नव्हतं. मग त्या मुलाकडे राजस्थानात पिलानीला गेल्या, तिथून वडोदऱ्याला. १९८९ मध्ये मुलगाही गेला. त्यानंतर वीसेक वर्षं त्या एकट्या राहिल्या, घरातली दुरुस्तीची कामंसुद्धा स्वतःच्या हाताने करत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ ला त्या गेल्या. त्यांचा संग्रह आज दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे.

मी स्टुडिओ बंद केला तेव्हा कुलूप लावून दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. त्यामुळे चाळीस वर्षं कॅमेऱ्याला हात न लावणं म्हणजे काय, याचा थोडा अंदाज मला आहे. तो रुसवा नव्हता. ज्या रीतीने काम करायचं तीच उरली नाही, तर त्या कामाला हात लावायचा नाही, इतकं त्यांचं ते घट्ट होतं. मी एवढी घट्ट नाही, मी नातवाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर परत सुरुवात केली.

प्रश्न : आजी वारल्यावर तिच्या ट्रंकेत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शंभरेक निगेटिव्ह सापडल्या. आजोबा फोटो काढायचे असं सगळे सांगतात. पण बऱ्याच फोटोंत आजोबाच आहेत! मग काढले कुणी? आणि हे जपायचं कसं? (एक वाचक भगिनी, सातारा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर तुम्हीच दिलं आहे असं मला वाटतं, पण घाई नको. कुणी मित्र असेल, शेजारी असेल. सेल्फ-टायमरही असू शकतो. त्यासाठी खुणा बघा. आजोबांच्या फोटोंत कॅमेरा किती उंचीवर आहे? काढणाऱ्याची सावली जमिनीवर पडली आहे का? नऊवारीची सावली ओळखू येते. ज्या दिवशीच्या रोलमध्ये आजी एकाही फोटोत नाही, तो रोल बाजूला ठेवा. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा, पुरुषांना नंतर.

जपण्याचं म्हणाल तर आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढा, नाहीतर बाकीच्याही धरतील. फार जुन्या असतील तर नायट्रेटच्या असू शकतात, त्या भुर्रकन पेट घेतात. माळ्यावर, उन्हात, गॅसजवळ ठेवू नका. पत्र्याच्या बंद डब्यात परत घालू नका. पाण्याने धुवायच्या भानगडीत पडू नका, रबरबँड लावू नका. कडेला धरूनच उचला आणि एकेक निगेटिव्ह साध्या कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहा, मग आत निगेटिव्ह सरकवा, नाहीतर दाब उमटतो.

बघायच्या असतील तर टॅबच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, त्यावर काच ठेवून निगेटिव्ह धरा आणि मोबाइलने वरून फोटो घ्या. स्क्रीन आणि निगेटिव्हमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येणार नाहीत. मोबाइलमध्येच रंग उलटे करता येतात.

पाकिटावर काय लिहायचं? गाव, अंदाजे साल, फोटोत कोण. आणि चौथी ओळ, 'कुणी काढला'. माहीत नसेल तर ती ओळ कोरी सोडा. आजोबांचं नाव सवयीने लिहू नका.

एक निगेटिव्ह फूटपट्टीने मोजून लांबी-रुंदी मला कळवाल का? सहा सेंटिमीटरचा चौकोन निघाला तर कॅमेरा पोटाशी धरायच्या जातीचा असण्याची शक्यता आहे. मग आजोबांच्या हनुवटीकडे बघा. फोटो खालून, पोटाच्या उंचीवरून घेतलेला दिसला, तर आजीची उंची किती होती तेही लिहा.